जुनेराची बखर

दिवाळी आली की घराची झाडलोट निघते, आणि झाडलोट निघाली की आमच्या घरी दरवर्षी तोच वाद उभा राहतो : आजीची गोधडी ठेवायची की टाकायची? यंदा तिची एक कड उसवली होती. मी चष्मा पुसून आत डोकावलो. वर इरकली लुगडे, त्याखाली वडिलांचे धोतर, त्याखाली कोणाचा तरी खणाचा तुकडा. जन्मभर जुनी दप्तरे चाळलेल्या मला वाटले, हेही एक दप्तरच की!

आपल्याकडे वस्त्राला एक जन्म कधी पुरत नसे. लुगडे मधोमध विरले, की विरलेला भाग काढून त्याला दंड घालीत. त्याचे जुनेर झाले, की तान्ह्याची दुपटी नि बाळोती. मग गोधडीचे थर. शेवटी पोतेरे, नाहीतर काकडा. उरल्यासुरल्या चिंध्यांनाही गती होती. जुन्नरचे आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचे कागदी जुने दोर, गोणपाट व चिंध्या कुटून कागद करीत. मराठेशाहीचे किती हिशेब अशा कागदावर उतरले असतील!

हे सारे काटकसरीपोटी होते, हे कबूल केले पाहिजे. हातचे सूत, हातमागाचे कापड. ते महागच असायचे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीचा पाया घातला आणि पुढे गिरणीचे कापड घरोघर आले. तरी ते सुतीच होते, मातीत मिसळणारे. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. तो चुरगळत नाही, लवकर वाळतो. बायकांचे कष्ट त्याने वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे विरत नाही, ते मातीतही जात नाही.

मग हे कपडे जातात कुठे? पानिपतास! १७६१ पासून मराठी मनात सलणाऱ्या त्या गावी आज परदेशांतील जुन्या कपड्यांचे गठ्ठे येतात. बायका बटणे काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवणे नको; मग यंत्रात पिंजून सूत निघते आणि त्याची घोंगडी होतात. १८१३ साली यॉर्कशायरमधील बॅटली गावी बेंजामिन लॉ याने ही युक्ती काढली. त्या कापडाचे नाव 'शॉडी'. पुढे इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच 'निकृष्ट' असा झाला. आमच्या आजीने जुन्याला असे नाव कधी ठेवले नसते.

अखेर नात म्हणाली, "आजोबा, नवा थर घालून शिवूया ना!" आम्ही कपाट उपसले. झुळझुळीत साड्या पुष्कळ. पण त्या घाम टिपीत नाहीत, थरातून निसटतात. सुती लुगडे एकच निघाले : माझ्या दिवंगत पत्नीचे, घडी न मोडता मी जपून ठेवलेले.

मी बराच वेळ ते हातात धरून बसलो. मग नातीला म्हटले, "घे. पण धावदोरा बारीक घाल हो."

या थंडीत ती गोधडी तिच्या अंगावर असेल.