खुळखुळा नसलेल्या सापाचं कूळ

या दुकानात दात नसलेला टायगर शार्क साडेअठरा डॉलरला मिळतो. ठिपके नसलेला डाल्मेशियन मिळतो. रॅटलस्नेक हवा असेल तर दोन प्रकार आहेत, एक बिनविषारी आणि दुसरा शेपटीला खुळखुळाच नसलेला. मँक्स मांजर बिनशेपटीचं घ्यायचं की शेपटीसकट, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. शार्क असो वा साप, माल यूपीएसच्या कुरिअरने निघतो. बिलाच्या पानावर कार्डाची मुदत आधीच भरून येते, डिसेंबर २००३. आजही हे कार्ड चालतं.

जे-पेटस्टोअर असं या दुकानाचं नाव. मायबॅटिस या जावाच्या डेटाबेस-साधनाबरोबर शिकणाऱ्यांसाठी दिलेलं हे नमुना अॅप्लिकेशन. मी ते उतरवून घेतलं होतं ते मायबॅटिस शिकायला, पण डेटाची फाइल उघडली आणि शिकणं बाजूला राहिलं. सापापेक्षाही मला अडकवलं ते दुकानाच्या एका तयार गिऱ्हाइकाने. त्याचं युजरनेम ‘जे२ईई’, पासवर्डही ‘जे२ईई’, आणि पत्ता ९०१ सॅन अँटोनियो रोड, पालो आल्टो, कॅलिफोर्निया.

हा पत्ता ओळखीचा वाटला, कारण नव्वदच्या दशकाच्या शेवटी जावाच्या अनेक फाइलींच्या डोक्यावर कॉपीराइटच्या मजकुरात तो असायचा. ते सन मायक्रोसिस्टिम्सचं तेव्हाचं मुख्यालय. पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत टपालाचा अंतर्गत संकेत आहे, त्याची सुरुवात ‘यूकप’ अशी. सनच्या मेन्लो पार्कमधल्या इमारतींचा संकेत ‘यूएमपीके’ने सुरू व्हायचा, म्हणजे ‘यूकप’ हे कूपरटिनो, असा माझा हिशेब. जावाची मंडळी तेव्हा कूपरटिनोतच बसत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायाने चोपडी उघडून पणजोबांची सही दाखवावी, तसं झालं. मुख्यालय पालो आल्टोत आणि टपाल कूपरटिनोला, ही विसंगती कुणी मुद्दाम रचणार नाही. लिहिणाऱ्याने स्वतःच्या ओळखपत्रावरचा पत्ता उतरवला असणार.

आता मागे जाऊ. वेबवर धंदा करायचा तर कोणता प्लॅटफॉर्म घ्यायचा, हा वाद वेबइतकाच जुना. आधी सीजीआय आणि पर्ल, मग पीएचपी, मायक्रोसॉफ्टचं एएसपी, सनची सर्व्हलेट. डिसेंबर १९९९ मध्ये सनने ‘जे२ईई’ आणलं आणि मोठ्या धंद्यासाठी हेच, असं सांगितलं. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘डॉट नेट’ जाहीर केलं. पुढची काही वर्षं पुण्या-मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत ‘जावा करू की डॉट नेट?’ हा प्रश्न करिअरचा प्रश्न म्हणून विचारला जात होता.

जे२ईई वापरायचं कसं हे दाखवायला सनने ‘ब्लूप्रिंट्स’ नावाची मार्गदर्शक मालिका काढली आणि तिच्यासोबत एक नमुना दुकान दिलं, ‘जावा पेट स्टोअर’. मासे, कुत्री, मांजरं, पक्षी आणि सरपटणारे प्राणी, असे पाच विभाग. आमच्या सापाचे पूर्वज इथले.

पण प्राणीच का? नेहमीचं उत्तर असं की नमुन्याला तीन पायऱ्यांची यादी लागते: विभाग, मग जात, मग प्रत्यक्ष नग. कुत्री, त्यात बुलडॉग, त्यात मादी पिल्लू. डेटाबेस शिकवायला ही उतरंड छान पडते, हे कबूल. पण ती पुस्तकांनाही पडते: कादंबऱ्या, त्यात एक कादंबरी, त्यात कापडी बांधणी की कागदी. आणि पुस्तकांचं दुकान सनकडे आधीच होतं. जावाच्या शिकवणीत ‘ड्यूक्स बुकस्टोअर’ नावाचा नमुना होता, ड्यूक म्हणजे जावाचा तो लाल नाकाचा शुभंकर. घरचं दुकान टाकून नवं कोण काढतं?

माझं म्हणणं असं की हे दुकान डॉट-कॉमच्या फुग्यातून आलं. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या वेबदुकानांची शर्यत लागली होती. पेट्स डॉट कॉममध्ये अॅमेझॉनने पैसे घातले होते, पेटोपिया सॅन फ्रान्सिस्को शहरात, आणि खाडीपलीकडे एमरीव्हिलमध्ये चक्क ‘पेटस्टोअर डॉट कॉम’ नावाची कंपनी. जानेवारी २००० मध्ये पेट्स डॉट कॉमच्या मोजाच्या बाहुलीची जाहिरात सुपर बोलमध्ये झळकली, फेब्रुवारीत कंपनीने शेअरबाजारातून ८ कोटी २५ लाख डॉलर उचलले, जूनमध्ये पेटस्टोअर डॉट कॉम विकत घेतलं आणि नोव्हेंबरमध्ये गाशा गुंडाळला. कूपरटिनो तिथून गाडीने तासाभरावर. पुस्तकाचं दुकान म्हणजे १९९७ची कल्पना होती, पुढचं अॅमेझॉन प्राण्यांचं असणार असं जो तो म्हणत होता. नवा प्लॅटफॉर्म विकायचा तर शोकेस नव्या धंद्याचीच हवी.

यावर सरळ आक्षेप असा की ही दुकानं प्रामुख्याने प्राणी विकत नव्हती. ती विकत कुत्र्याचं खाणं आणि मांजराची वाळू. सनच्या दुकानात खाण्याची एक पिशवी नाही, सगळा जिवंत माल. आक्षेप खरा आहे, पण मला तो फारसा बोचत नाही. दिवसभर डेटा भरत बसलेल्या प्रोग्रॅमरने वाळूच्या पिशव्यांची वजनं लिहिण्यापेक्षा खुळखुळा नसलेला साप लिहिणं पसंत केलं, एवढंच मी त्यातून काढतो. नाव धंद्यातून आलं, माल थट्टेतून.

आणखी एक जुना धागा आहे, तो बारीक आहे पण सोडवत नाही. ओरॅकलचा क्लास लावलेल्या कुणालाही ‘स्कॉट/टायगर’ हे लॉगिन पाठ असतं. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी, आणि टायगर हे त्याच्या मुलीच्या मांजराचं नाव. म्हणजे धंद्याच्या डेटाबेसांत पाळीव प्राणी सनच्याही आधी शिरला होता. सनच्या दुकानाशी त्याचा थेट संबंध आहे, असं मी म्हणणार नाही. पण या दुकानावरून पहिली मारामारी ओरॅकलनेच सुरू केली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

ती मारामारी अशी. २००१ मध्ये ओरॅकलने आपला सर्व्हर आयबीएम आणि बीईएच्या सर्व्हरपेक्षा किती वेगवान आहे हे दाखवायला पेट स्टोअर मापाचा दगड म्हणून वापरलं. शिकवायला लिहिलेला कोड मोजायला वापरायचा, हा पहिला घोळ. मायक्रोसॉफ्टने संधी ओळखली. डॉट नेट अजून अधिकृतपणे बाजारात यायचं होतं, तरी नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांनी तेच दुकान सी-शार्पमध्ये लिहून ‘डॉट नेट पेट शॉप’ नावाने मांडलं आणि ओरॅकलच्याच आकड्यांशी तुलना केली. दावा होता २८ पट वेग. ओळींची मोजणी वेगळी दिली होती: सनच्या दुकानात १४,२७३, आमच्यात ३,४८४.

व्यवस्थापकांनी हे दोन आकडे उचलले. पण त्यांच्या मागे काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. सनच्या दुकानात डेटाबेसमधल्या बऱ्याच नोंदी ‘एंटिटी बीन’ या वस्तूत गुंडाळल्या जायच्या. एका बीनसाठी वस्तू शोधण्याचा इंटरफेस, वापरण्याचा इंटरफेस, प्रत्यक्ष क्लास आणि वर एक्सएमएलमध्ये वर्णन, असा लवाजमा. नोंद लहान असो की मोठी, लवाजमा तोच. शिवाय जुन्या नियमांप्रमाणे एकाच यंत्रावरच्या दोन वस्तूसुद्धा एकमेकींशी दूरच्या यंत्राशी बोलावं तशा बोलत. तो खर्च वाचवायची सोय २००१च्या ईजेबी २.० या बीनांच्या नव्या नियमावलीत आली. अशा बीनांची यादी मागितली की आधी फक्त क्रमांक यायचे, मग प्रत्येक क्रमांकासाठी डेटाबेसकडे वेगळा हेलपाटा. वीस नोंदी दाखवायच्या तर एकवीस हेलपाटे.

मायक्रोसॉफ्टने यातलं काहीच केलं नाही. प्रश्न थेट एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्टोअर्ड प्रोसीजर म्हणून लिहिले, उत्तरं सरळ वाचून पानावर टाकली आणि तयार पानं सर्व्हरच्या स्मरणात धरून ठेवली. दुकान पळणारच! पण डेटाबेस बदलायचा म्हटलं की कणाच बदलावा लागणार, आणि सनच्या दुकानाचा सगळा डौल डेटाबेस बदलता यावा यासाठीच होता. सनची बाजू अशी की आमचं दुकान रचना शिकवण्यासाठी आहे, शर्यतीसाठी नाही. हे खरं होतं आणि कामाला आलं नाही, कारण ऐकणाऱ्याने एवढंच ऐकलं की सन स्वतः शिकवते ती रचना चौपट लांब आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये ‘द मिडलवेअर कंपनी’ या जावाच्या गोटातल्याच सल्लागार संस्थेने नव्याने चाचणी घेतली आणि डॉट नेट पुढे निघालं. चाचणीला मायक्रोसॉफ्टचं पाठबळ होतं हे कळल्यावर जावावाल्यांनी गहजब केला, जावाचं दुकान नीट लिहिलंच नाही म्हणाले. २००३ मध्ये दोन्हीकडच्या जाणकारांना घेऊन चाचणी पुन्हा झाली, तेव्हा फरक बराच मिटला. निकालात कुणाला रस उरला नव्हता.

कारण खरं उत्तर तोवर दुसरीकडून आलं होतं. २००२च्या उन्हाळ्यात क्लिंटन बेगिन या कॅनडातल्या प्रोग्रॅमरने तेच दुकान तिसऱ्यांदा लिहिलं. भाषा जावाच, पण एंटिटी बीन नाहीत आणि स्टोअर्ड प्रोसीजरही नाहीत. एसक्यूएल साध्या फाइलींत वेगळं ठेवायचं आणि जावाच्या साध्या वस्तूंना जोडायचं. हे जे-पेटस्टोअर. जोडणीसाठी त्याने जे छोटं साधन केलं ते लोकांनी दुकानापेक्षा जास्त उचललं. आयबॅटिस हे त्याचं नाव. पुढे ते अपाचे संस्थेत गेलं आणि २०१० मध्ये मायबॅटिस म्हणून वेगळं झालं. विमा-बँकांच्या कामांत ते आजही रोज भेटतं. वाद जिंकायला लिहिलेल्या दुकानाच्या काउंटरमागून हे निघालं, हे त्यात रोज काम करणाऱ्यांतल्या थोड्यांनाच माहीत असतं.

ऑक्टोबर २००२ मध्येच रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियनाचं जे२ईईवरचं जाडजूड पुस्तक आलं. संगीतशास्त्रात डॉक्टरेट केलेला हा माणूस. पुस्तकासोबतच्या कोडमधून स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क उभं राहिलं आणि मार्च २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. स्प्रिंगने नमुन्यांत जे-पेटस्टोअर घेतलंच, शिवाय स्वतःचा नमुना केला, ‘पेटक्लिनिक’. आता प्राणी विकायचे नाहीत, त्यांना लस टोचायची. बेसिल नावाचा हॅम्स्टर आणि इगी नावाचा सरडा तिथले जुने रुग्ण. हे क्लिनिक म्हणजे पेट स्टोअरचंच पुढचं पाऊल, असं मी बेधडक म्हणतो. कुणी म्हणेल, प्राण्यांच्या दवाखान्याचं उदाहरण कुणालाही सुचेल. सुचेल, पण ज्या डब्यात जे-पेटस्टोअर आधीच ठेवलंय त्याच डब्यात सुचावं, हा योगायोग मला महाग वाटतो.

गंमत मायक्रोसॉफ्टच्या बाजूलाही झाली. टीका ऐकून त्यांनी पेट शॉप पुन्हा लिहायला घेतलं. ३.० आवृत्तीत डेटाचा थर वेगळा काढला, एसक्यूएल सर्व्हरचा एक प्रकल्प, ओरॅकलचा एक आणि कोणता वापरायचा हे ठरवणारी फॅक्टरी. म्हणजे सन जे शिकवत होती ते बरंचसं आत आलं, तेव्हाच जावावाले हाच पसारा काढून टाकत होते. आपल्याकडच्या जुन्या डॉट नेट प्रकल्पांत ‘बीएलएल’ आणि ‘डीएएल’ नावाची फोल्डर दिसतात, त्यांतली कित्येक या पेट शॉपच्या ३.० वरून उतरवलेली असावीत असा माझा संशय आहे.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन गिळली. मारामारी सुरू करणाऱ्याकडेच दुकान आलं, पण तोवर शटर पडलं होतं. त्याच सुमारास वर्डनिक या शब्दकोशाच्या कंपनीत टोनी टॅम ‘स्वॅगर’ तयार करत होता, वेबसेवांचं वर्णन लिहायची पद्धत. नमुना म्हणून काय घेतलं? शब्दकोशाच्या कंपनीने शब्द घ्यायला हवे होते. त्यांनी पेटस्टोअर घेतलं. इथे माझ्याकडे पालो आल्टोसारखा पत्ता नाही, ते पाच विभाग गेलेत, साप गेलाय, प्राण्याचं ठरावीक नाव ‘डॉगी’ आणि त्याच्या तीन अवस्था: उपलब्ध, प्रलंबित, विकला. तरी मी हे याच घराण्यात धरतो, कारण एवढ्या भांडणानंतर नमुना म्हटलं की प्राण्यांचं दुकान ही प्रोग्रॅमरांच्या हाताची सवय झाली होती. २०१५ पासून ही पद्धत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, आता ‘ओपनएपीआय’ या नावाने. दुकानाचा सर्व्हर सगळ्यांना उघडा असल्याने शिकणारा कुणीही त्यात हवा तो प्राणी भरतो. ‘उपलब्ध’ प्राण्यांची यादी मागितली तर त्यात डॉगी असतात, मित्रांची नावं असतात, ‘टेस्ट१२३’ असतं.