मेल सर्व्हरवर स्पॅम अडवा, मराठी मेल नको

लिनक्सवर संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा म्हटलं की पोस्टफिक्ससोबत तीन नावं येतातच : स्पॅम ओळखणारा स्पॅमअसॅसिन, व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही आणि या दोघांना पोस्टफिक्सशी जोडणारा अमाविस. आलेला मेल पोस्टफिक्स १००२४ या पोर्टवर अमाविसकडे देतो, तपासलेला मेल १००२५ वर परत घेतो. हे परतीचं दार फक्त १२७.०.०.१ वर उघडायचं आणि तिथे फिल्टर पुन्हा लावायचा नाही. नाहीतर मेल गोल गोल फिरत बसतो.

डेबियन-उबुंटूवर अमाविस बसवला तरी दोन्ही तपासण्या बंदच असतात. कंटेंट-फिल्टर मोडच्या फाइलमध्ये त्या ओळींपुढचं # चिन्ह काढावं लागतं. क्लॅमएव्हीच्या युजरला अमाविसच्या ग्रुपमध्ये घालायलाही बरेच जण विसरतात. शिवाय क्लॅमएव्ही १ जीबीहून जास्त रॅम खातो. स्वस्तातला छोटा सर्व्हर तिथेच आडवा होतो.

स्पॅमअसॅसिन मेलमधल्या प्रत्येक संशयास्पद खुणेला गुण देतो. त्याची स्वतःची मर्यादा ५ गुणांची, पण अमाविसमधून चालवल्यावर अमाविसचे आकडे लागू होतात. ५ चे ४ करून काहीच बदलत नाही, अशी तक्रार होते ती यामुळेच.

मराठी मेल अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. टेक्स्टकॅट हे प्लगइन मेलची भाषा ओळखतं. ते सुरू करून चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहिली, तर सभेची साधी मराठी नोटीसही गुण चढवून घेते. बेळगाव, बडोदा, इंदूरसारख्या ठिकाणी एकाच इनबॉक्समध्ये तीन-तीन भाषा येतात. तिथे सगळ्या भाषा चालू ठेवणंच बरं.

खरा उपाय म्हणजे बेझ फिल्टरला शिकवणं. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दिल्याशिवाय तो कामाला लागत नाही. चांगल्या मेलमध्ये मराठी पत्रव्यवहार भरपूर हवा. हे शिकवणं अमाविसच्या युजरने करायचं; रूटने केलं तर वेगळाच डेटाबेस तयार होतो आणि मेहनत वाया जाते.

पकडलेल्या स्पॅमवर बाउन्स पाठवू नये. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो, त्रास तिसऱ्यालाच होतो. मेल क्वारंटाइनमध्ये ठेवावा आणि सुरुवातीचे काही आठवडे तो फोल्डर रोज बघावा. टेंडरचं उत्तर किंवा शाळेचा प्रवेश अर्ज तिथे सापडला, तर निदान परत सोडता येतो.

चाचणीसाठी खरा व्हायरस शोधायची गरज नाही. व्हायरससाठी आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी फाइल आणि स्पॅमसाठी जीट्यूबची ओळ बाहेरच्या खात्यावरून पाठवून लॉग बघावा.