मायदेशी गेलेली पत्रे

एकोणिसाव्या शतकात साताऱ्यात अमेरिकन बोर्डाचे मिशनरी होते, तर सांगली-मिरजेकडे प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्यांची पत्रे बोटीने मायदेशी जात. ही पत्रे निव्वळ खाजगी समजणे चुकीचे ठरेल, असे आम्हांला वाटते. बोर्डाकडे गेलेल्या पत्रांतील उतारे बॉस्टनच्या 'मिशनरी हेरल्ड' मासिकात छापले जात. देणगीदार ते वाचत. १८७६-७८ च्या दुष्काळासारख्या संकटाचे वर्णनही त्या वाचकाला समोर ठेवूनच होई. म्हणून १८८९ साली भारतात आलेल्या आणि मिरजेत रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यासारख्यांचे लेखन वाचताना आम्ही दोन प्रश्न विचारतो: मदतीच्या आवाहनासाठी काय ठळक झाले? आणि इथल्या माणसाचे स्वतःचे म्हणणे कुठे गळून पडले?

त्या म्हणण्याचा काही अंश मराठीत सापडतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ पासून साताऱ्यात होते. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त मिशनचे जग स्वयंपाकघरातून दिसते. पत्रांत जो मुलूख परदेश आहे, तोच इथे घर आहे, आणि परका ठरतो तो मिशनरी. हे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याविना तो इतिहास एकाच बाजूने लिहिला जाईल.