दुसऱ्याच्या पक्षात मतदान

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार प्राथमिक फेरीत मतदारच ठरवतात. मिसिसिपीत तर मतदारयादीत पक्षाची नोंदच नसते. तिथे ३ जून २०१४ला रिपब्लिकन सिनेटर थॅड कॉक्रन कट्टर उजव्या क्रिस मॅकडॅनियलपेक्षा किंचित मागे पडले. निम्मी मतं कुणालाच नाहीत, म्हणून २४ जूनला पुन्हा मतदान. मग कॉक्रन यांनी चक्क डेमोक्रॅट कृष्णवर्णीयांकडे मतं मागितली आणि साडेसात हजारांहून जास्त मतांनी जिंकले!

मॅकडॅनियल कोर्टात हरले. पण ही घुसखोरी होती का? मला नाही वाटत. १९८२नंतर तिथून एकही डेमोक्रॅट सिनेटवर निवडून आला नव्हता. खरा फैसला जूनमध्येच होणार असेल, तर नोव्हेंबरात नुसती हजेरी लावून काय मिळणार?