पाणमांजरांचे पुनःस्थापन, अमेरिकेतील

एखाद्या प्रदेशातून नष्ट झालेला प्राणी अन्यत्र पकडून मूळ अधिवासात पुन्हा सोडण्यास पुनःस्थापन म्हणतात. उत्तर अमेरिकेतील नदीवासी पाणमांजर (लोन्ट्रा कॅनडेन्सिस) हे त्याचे ठळक उदाहरण होय. दाट, मऊ फरसाठी झालेली अनिर्बंध शिकार, दलदली बुजवून केलेली शेती व जलप्रदूषण यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संयुक्त संस्थानांच्या अंतर्भागातील अनेक राज्यांतून हा प्राणी नाहीसा झाला. लुइझियानासारख्या किनारी दलदलींच्या राज्यांत मात्र तो टिकून राहिला.

पुनःस्थापनाचे प्रयत्न १९७६ पासून सुरू झाले. १९७२ च्या जलशुद्धिविषयक कायद्याने नद्या हळूहळू सुधारू लागल्या होत्या. शिवाय बीव्हर परतल्यामुळे त्याच्या बांधांमागील तळी व सोडून दिलेली बिळे पाणमांजरांना आयती लाभली. १९९८ पर्यंत २१ राज्यांत मिळून सु. ४,००० पाणमांजरे सोडण्यात आली. त्यांतील बहुसंख्य लुइझियानातील होती.

यांपैकी मिसूरी राज्याचा प्रयोग विशेष बोधप्रद आहे. तेथे सु. ७० पाणमांजरेच उरली होती. १९८२ ते १९९२ या काळात तेथे ८४५ प्राणी सोडण्यात आले. त्यांतील काहींच्या मोबदल्यात मिसूरीने केंटकी राज्यास रानटी टर्की पक्षी दिले व केंटकीने लुइझियानातील पाणमांजरे विकत घेऊन मिसूरीस पुरविली. पहिले प्राणी स्वान लेक अभयारण्यात सोडले गेले. पाणमांजराची मान डोक्याइतकीच जाड असल्याने गळपट्टा निसटतो. म्हणून शस्त्रक्रियेने उदरात रेडिओ प्रेषक बसवून त्यांचा माग घेण्यात आला.

प्राणी जगले आणि अपेक्षेहून वेगाने वाढले. परंतु मत्स्यतळ्यांचे मालक व ओझार्क भागातील गळाने मासे पकडणारे हौशी लोक नुकसानीची तक्रार करू लागले. १९९६ मध्ये राज्याने सापळे लावण्यास हंगामापुरती परवानगी दिली. ज्या विभागाने प्राणी परत आणला त्यानेच त्याच्या शिकारीस मुभा द्यावी, यास प्राणिमित्रांनी विरोध केला व प्रकरण न्यायालयात गेले; तथापि हंगाम चालू राहिला.

प्राणी सोडणे हा पुनःस्थापनाचा केवळ पूर्वार्ध होय. माणसाने व्यापलेल्या नदीकाठी त्याचा वाटा किती असावा, हे ठरविण्याचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते अधिक अवघड असते, हे या इतिहासावरून दिसून येते.