तरुण कुटुंबाची वारसाव्यवस्था : एक कायदेशीर वाटचाल (१८७४ ते १९५६)

प्रस्तावना :
मृत्युपत्र हा उतारवयात हाताळावयाचा विषय होय, अशी समजूत सुशिक्षित समाजातही दृढ आहे. भारतातील वारसाविषयक कायद्यांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. कमावता पुरुष तरुणपणीच निवर्तला तर त्याची पत्नी व अज्ञान मुले यांच्या हाती काय उरते, हा प्रश्न या कायद्यांच्या मुळाशी वारंवार आढळतो. प्रस्तुत निबंधात मुख्यतः हिंदू कुटुंबाच्या संदर्भात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१. एकत्र कुटुंब आणि स्वतःची कमाई :
मिताक्षरा पद्धतीनुसार एकत्र कुटुंबातील सहदायाद मृत्यू पावल्यास त्याचा अविभक्त हिस्सा उर्वरित सहदायादांकडे जात असे. तो हिस्सा मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. निपुत्रिक विधवेस केवळ अन्नवस्त्राचा हक्क राही. स्वकष्टार्जित मिळकतीस हा नियम लागू नव्हता. परंतु स्वकष्टार्जित कशास म्हणावे, हाच वादाचा मुद्दा होता. १९२१ मध्ये गोकुळचंद विरुद्ध हुकुमचंद या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने कुटुंबाच्या पैशातून विशेष शिक्षण घेऊन मिळविलेले सनदी नोकराचे उत्पन्न एकत्र कुटुंबाचे मानले. शहरात नोकरी करणाऱ्या नव्या वर्गाच्या दृष्टीने हा निर्णय चिंताजनक होता. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने संमत झालेल्या १९३० च्या हिंदू विद्याधन कायद्याने ही अडचण दूर केली. शिक्षणाचा खर्च कोणीही केला असला तरी विद्येच्या बळावर मिळविलेले धन कमावणाऱ्याचेच ठरले.

२. विमा : पत्नी व मुलांसाठी न्यास :
मुंबईत १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल व १८७४ मध्ये ओरिएंटल या आयुर्विमा संस्था स्थापन झाल्या. १८७४ मध्येच विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदाही संमत झाला. त्याच्या कलम ६ नुसार विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी वा मुलांच्या हितार्थ उतरविला व तसा उल्लेख विमापत्रावर केला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी न्यास ठरते. ती पतीच्या नियंत्रणाखाली राहत नाही, त्याच्या मिळकतीत मोडत नाही आणि त्याच्या धनकोंना त्यावर हात टाकता येत नाही. मात्र धनकोंना फसविण्याच्या हेतूने विमा उतरविला असल्यास हे संरक्षण मिळत नाही.

तथापि या कायद्यातून हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख व जैन स्त्रिया वगळल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९१३ मध्ये कलम ६ हिंदूंनाही लागू असल्याचा निर्णय दिला. अखेर १९२३ च्या दुरुस्तीने हा लाभ हिंदू, मुस्लिम, शीख व जैन समाजांना स्पष्टपणे देण्यात आला. या दुरुस्तीत मद्रासकरिता ३१ डिसेंबर १९१३ नंतरची व इतर प्रांतांकरिता १ एप्रिल १९२३ नंतरची विमापत्रे असा भेद आहे. एका न्यायालयीन निर्णयाची खूण अशा रीतीने कायद्यातच राहून गेली आहे.

३. विधवेचा वाटा आणि मृत्युपत्राचा अधिकार :
डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने संमत झालेल्या १९३७ च्या कायद्याने विधवेस पतीच्या मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. परंतु तो तिच्या हयातीपुरता मर्यादित होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने ही मर्यादा काढली, तर कलम ३० ने सहदायादास आपला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देण्याची मुभा दिली. सर्व हिंदूंची मृत्युपत्रे लेखी व दोन साक्षीदारांनी साक्षांकित असावीत, हा नियम १ जानेवारी १९२७ पासून लागू झाला होता.

४. अज्ञान मुलांचे पालकत्व :
मिळकतीइतकाच मुलांच्या संगोपनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार मृत्युपत्राद्वारे पालक नेमता येतो. पित्याने अशी नेमणूक केली तरी माता हयात असेपर्यंत ती प्रभावी होत नाही. तिने स्वतः कोणास न नेमता देह ठेवल्यास पित्याची नेमणूक पुन्हा अमलात येते. लहान मुलांच्या आईवडिलांनी मृत्युपत्र करण्याचे हे सर्वांत सबळ कारण असूनही त्याचा विचार क्वचितच होतो.

५. नामनिर्देशनाविषयीचा गैरसमज :
नामनिर्देशन केले की वारसाव्यवस्था पूर्ण झाली, असे अनेक जण मानतात. सर्वोच्च न्यायालयाने सरबती देवी प्रकरणात (१९८४) विम्याची नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारणारी असून मालकी वारसांचीच असते, असे स्पष्ट केले. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले यांना नामनिर्देशित केल्यास ती लाभधारक ठरतात. हा अपवाद विम्यापुरता आहे. इतर मालमत्तेस तो सरसकट लागू होत नाही.

निष्कर्ष :
विद्याधन, विमा, वारसा व पालकत्व या चार वाटांनी कायद्याने तरुण कुटुंबास एकत्र कुटुंबापासून स्वतंत्र असा आधार दिला. यांतील विधवेचा वाटा मृत्युपत्राच्या अभावीही कायद्याने मिळतो; परंतु विमापत्रावरील उल्लेख, पालकाची नेमणूक आणि मृत्युपत्र या गोष्टी व्यक्तीने हयातीतच कराव्या लागतात. जे अधिकार मिळविण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली, ते वापरण्यास एक लेखी कागद व दोन साक्षीदार पुरेसे आहेत. नोकरीच्या आरंभीच हा विचार व्हावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.