छापखान्यात शाई वाळवणारे दिवे: जास्त झगझगीत दिवा जास्त चांगला का नसतो?

सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की बोटं काळी होतात, हा अनुभव सगळ्यांनाच आहे. कारण वर्तमानपत्राची शाई खऱ्या अर्थाने वाळवलेलीच नसते. ती कागदात मुरते आणि तशीच राहते. बिस्किटाच्या पुड्यावरची किंवा औषधाच्या खोक्यावरची शाई मात्र कितीही चोळली तरी बोटाला लागत नाही. मंडळी, असं का होतं?

याचं उत्तर शाईच्या प्रकारात आणि ती वाळवण्याच्या पद्धतीत आहे. काही शाया हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन घट्ट होतात. काही अतिनील किरण पडताच क्षणात कडक होतात. पाण्यात कालवलेली शाई असेल, तर तिच्यातलं पाणी उडून जावं लागतं. वेगाने पळणाऱ्या कागदावरचं हे पाणी उडवायला अनेक छपाई यंत्रांवर इन्फ्रारेड दिवे, म्हणजे अवरक्त किरणांचे दिवे लावतात. हे दिवे कसे आखले जातात, ते आज पाहूया.

किती उष्णता लागते?

आधी एक साधा हिशोब करू. समजा, अर्धा मीटर रुंद कागद मिनिटाला ६० मीटर वेगाने धावतोय आणि शाईबरोबर दर चौरस मीटरवर ६ ग्रॅम पाणी बसतंय. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २.४ किलोजूल ऊर्जा लागते. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे १४ किलोजूल पाण्यासाठी, आणि कागद तापवायला आणखी ५-६ किलोजूल. एकूण झाले २०.

सेकंदाला अर्धा चौरस मीटर कागद पुढे सरकतो, म्हणजे १० किलोवॅट उष्णता प्रत्यक्ष कागदापर्यंत पोहोचायला हवी. दिव्याच्या विजेपैकी निम्मीच कामी आली, तर २० किलोवॅट वीज खर्च होईल. घरातल्या १ किलोवॅटच्या वीस इस्त्र्या एकदम लावल्यासारखंच हे! म्हणूनच वाया जाणारी निम्मी वीज वाचवणं हा पैशाचा मोठा प्रश्न आहे.

दिव्याचा रंग काय सांगतो?

वस्तू जितकी जास्त तापते, तितकी तिच्या किरणांची तरंगलांबी कमी होते. हॅलोजन दिव्यातली टंगस्टनची तार २००० अंश सेल्सिअसच्या वर तापते. डोळे दिपवणारा प्रकाश पडतो, आणि तिचे सर्वात जोरदार किरण साधारण १.२ मायक्रॉनचे असतात. याउलट ९०० अंशांच्या आसपास तापलेली लालसर नळी मुख्यतः अडीच मायक्रॉनच्या आसपासचे किरण सोडते.

आता पाण्याचं पाहू. पाणी ३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण अक्षरशः पिऊन टाकतं. दहा मायक्रॉन जाडीचा पाण्याचा थरही ते जवळजवळ पूर्ण अडवतो. तोच थर १.२ मायक्रॉनच्या किरणांपैकी मात्र हजारातला एखादाच भाग शोषतो, बाकीचे किरण आरपार जातात. त्यामुळे झगझगीत दिव्याची बरीचशी ऊर्जा शाईतल्या पाण्याला स्पर्शही न करता निघून जाते.

मग मंद लाल दिवेच लावले की झालं? तसंही नाही. तापमान वाढलं की किरणांची ताकद प्रचंड वाढते. निरपेक्ष तापमान दुप्पट झालं, तर तेवढ्याच पृष्ठभागातून सोळापट ऊर्जा बाहेर पडते. शिवाय हॅलोजन दिवा एक-दोन सेकंदांत चालू-बंद होतो, तर साध्या लाल नळीला तापायला मिनिटभर किंवा जास्त लागतं. म्हणून मधला मार्ग म्हणून कार्बनची पट्टी असलेले दिवे वापरतात. त्या सुमारे १२०० अंशांना तापतात, किरण २ मायक्रॉनच्या जवळपासचे असतात आणि प्रतिसादही जलद मिळतो.

काळं आधी वाळतं, पिवळं मागे राहतं

एकसारखं वाळण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. काळ्या शाईत काजळीसारखा कार्बन असतो. तो कमी तरंगलांबीचे किरण भरपूर शोषतो. पिवळी आणि किरमिजी शाई ते किरण जवळजवळ तशीच सोडून देते, आणि पांढरा कागद ते परत फेकतो. परिणामी हॅलोजन दिव्याखाली काळी अक्षरं करपायला आली तरी शेजारचा पिवळा पट्टा ओलाच राहू शकतो.

तरंगलांबी ३ मायक्रॉनकडे सरकवली की हा फरक कमी होतो. कारण तेव्हा उष्णता शोषण्याचं काम रंगाऐवजी पाणी करतं, आणि पाणी तर प्रत्येक रंगात आहेच. मात्र कागदही हे किरण शोषतो. जास्त झालं तर त्याच्यातला ओलावा जाऊन तो आकसतो, कडा वळतात आणि पुढच्या रंगाची छपाई जागेवर बसत नाही.

कडा ओल्या का राहतात?

लांब नळीच्या मधोमध खाली असलेल्या जागेवर दोन्ही बाजूंनी किरण येतात. नळीच्या टोकाखालच्या जागेला मात्र एकाच बाजूने मिळतात, म्हणजे साधारण निम्मे. त्यामुळे नळी कागदाएवढीच लांब ठेवली, तर मधला भाग वाळतो आणि कडा ओल्या राहतात. उपाय सोपा आहे: नळी दोन्ही बाजूंना कागदाच्या पुढे थोडी वाढवायची किंवा टोकांशी परावर्तक लावायचे.

नळ्या कागदाच्या धावण्याच्या दिशेने लावल्या, तर अरुंद कागदासाठी कडेच्या नळ्या बंद ठेवून वीज वाचवता येते. पण मग नळीखालचा पट्टा जास्त तापतो आणि दोन नळ्यांमधला कमी. म्हणून नळ्या थोड्या तिरक्या बसवतात, म्हणजे कागदाचा प्रत्येक बिंदू पुढे जाताना कुठल्या ना कुठल्या नळीखालून जातो.

वरच्या बाजूला जाणारे किरण खाली वळवायला परावर्तक लागतो. अनेक दिव्यांच्या नळीवरच सोन्याचा पातळ मुलामा असतो. हा थाट नाही बरं का! सोनं ९५ टक्क्यांहून जास्त अवरक्त किरण परत पाठवतं आणि काळवंडत नाही.

वारा नसेल तर सगळं व्यर्थ

पावसाळ्यात दमट खोलीत कपडे वाळत नाहीत, पण पंख्याखाली वाळतात. कागदाचंही तेच आहे. शाईतून निघालेली वाफ कागदावरच चिकटून राहिली, तर पुढचं पाणी उडायला जागा उरत नाही. म्हणून दिव्यांच्या मधून जोरात हवा मारतात आणि दमट हवा बाहेर खेचून घेतात. हवा न देता नुसती उष्णता वाढवली, तर दुधावर साय धरावी तशी शाईवर कातडी धरते. आतलं पाणी अडकतं आणि फोड येतात.

कागद थांबला तर?

धावणारा कागद दिव्याखाली सेकंदभरच असतो, म्हणून तो वाचतो. तोच काही सेकंद अडकला तर करपतो. साधारण २३० अंशांच्या आसपास कागद पेट घेऊ शकतो. दिवा विझला तरी काच आणि परावर्तक गरमच राहतात. म्हणून कागदाचा वेग शून्यावर येताच दिवे आपोआप बंद व्हावेत, हवा चालू राहावी आणि कागद व दिवा यांच्यात झडप यावी, अशी सोय चांगल्या यंत्रात असते. ही सोय बंद करून यंत्र चालवणं म्हणजे आगीशी खेळ.

तुमच्याकडे असं यंत्र असेल तर

तापमानाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या बाजारात मिळतात. कागदाच्या दोन्ही कडांना आणि मध्ये अशा पट्ट्या चिकटवून एकदा दिव्याखालून सोडा. कुठे कमी तापतंय ते लगेच कळेल. तापमान मोजायची हातातली बंदूक दिव्याखाली मात्र फसवते, कारण ती कागदाबरोबर दिव्याचे परत फिरलेले किरणही मोजते.

आणि शाई वाळत नसेल, तर लगेच जास्त वॅटचा दिवा आणू नका. आधी वारा पुरेसा आहे का, परावर्तक स्वच्छ आहे का आणि दिवा शाईला मानवणारा आहे का, हे तपासा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं, आणि वीजबिलही वाढत नाही.